खाऱ्या वाऱ्यातला रेडिओ: कोकणातल्या हॅम आणि कॉम्प्युटरवाल्यांना पडणारे नेहमीचे प्रश्न

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्र दिसत नाही पण रात्री गाज ऐकू येते एवढ्या अंतरावर. हॅम रेडिओ (लायसन्स घेऊन हौसेने रेडिओवरून बोलणं) आणि कॉम्प्युटर असे दोन्ही नाद आहेत त्यामुळे आजूबाजूची मुलं, मुंबईहून गावी आलेले लोक, कधी कधी शाळेतले सर सुद्धा विचारत असतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. व्हिडिओत जे सांगतात ते चुकीचं नसतं पण ते कोरड्या हवेतलं असतं, त्यात खारं वारं नसतं, चार महिने पाऊस नसतो, दोन दोन दिवस लाइट गेलेली नसते. म्हणून इथे टिकलेलं तेवढंच लिहितोय.

सेट आधी घेऊ की लायसन्स आधी?

लायसन्स आधी. ट्रान्समीट करणारा म्हणजे सिग्नल पाठवणारा सेट लायसन्स नसताना नुसता जवळ ठेवणं पण बेकायदेशीर आहे, मग तो ऑनलाइन कितीही सहज मिळत असू दे. परीक्षा केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी शाखा घेते, अर्ज सरल संचार पोर्टलवर करायचा. वय किमान १२ पूर्ण पाहिजे. दोन ग्रेड आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल, रिस्ट्रिक्टेडला मोर्स (टिंब-रेषांची भाषा) लागत नाही आणि कॉलसाइन (रेडिओवरची आपली ओळख) व्हीयू३ ने सुरू होतो, जनरलला मोर्स मिनिटाला ८ शब्द यावं लागतं आणि कॉलसाइन व्हीयू२ चा मिळतो. दहावीचं विज्ञान नीट झालेलं असेल तर थिअरी अवघड नाही, ओहमचा नियम, कॉइल, कपॅसिटर, थोडे नियम. अर्ज टाकल्यापासून लायसन्स हातात येईपर्यंत वेळ लागतो, तेवढा धीर ठेवा.

मग तोपर्यंत काय नुसतं बसायचं?

अजिबात नाही, ऐकायचं! माझ्या मते ज्याने सहा महिने नुसतं ऐकलंय तो पुढे चांगला ऑपरेटर होतो. आरटीएल-एसडीआर डोंगल घ्या, ते मुळात टीव्ही बघायचं यूएसबी डोंगल, आत आरटीएल२८३२यू चिप असते आणि साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत सगळं ऐकता येतं. जुना लॅपटॉप चालतो.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी पहिल्यांदा जहाजं बघावीत. मोठी जहाजं एआयएस या रेडिओ यंत्रणेवर आपलं नाव, जागा, वेग सतत सांगत असतात, १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ, दोन्ही चॅनल एकाच डोंगलमध्ये एकदम बसतात. ४४ सेंटिमीटर तांब्याची तार उभी करा आणि खाली चार तारा जमिनीच्या बाजूला कलत्या लावा, झाला अँटेना. तवसाळच्या जेट्टीवर लॅपटॉप उघडून बसलो होतो तेव्हा जयगड बंदराकडे येणारं जहाज आधी स्क्रीनवर आलं आणि बऱ्याच वेळाने क्षितिजावर ठिपका दिसला, बरोबरचा सातवीतला मुलगा उभाच राहिला. त्याला वेगळं काही समजवावं लागलं नाही.

दुसरं म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, १४५.८०० मेगाहर्ट्झ. साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून जातं आणि डोक्यावरून गेलं तर दहाएक मिनिटं ऐकू येतं, कधी चित्रं पाठवतात ती कॉम्प्युटरवर उमटतात. आपल्याकडे पश्चिमेला समुद्र मोकळा आहे, आड काहीच नाही, त्यामुळे तिकडून उगवणारा पास अगदी पाण्याच्या रेषेपासून मिळतो.

एक सांगून ठेवतो, हवामान उपग्रहाची चित्रं घ्यायचे जे जुने लेख आणि व्हिडिओ आहेत त्यात अमेरिकेच्या नोआ १५, १८, १९ ची नावं असतात, ते तिन्ही उपग्रह २०२५ मध्ये बंद झाले. पोरं १३७ मेगाहर्ट्झचा अँटेना बांधून रात्र रात्र वाट बघतात आणि आपलंच काहीतरी चुकलं असं धरून चालतात. तो अँटेना मोडू नका, रशियाचे मेटिऑर त्याच बँडवर आहेत, फक्त त्यांचा सिग्नल डिजिटल आहे म्हणून सॉफ्टवेअर दुसरं लागतं.

हँडीवरून (हातातल्या छोट्या सेटवरून) पलीकडच्या गावात पण आवाज जात नाही, सेट खराब आहे का?

सेट बरा आहे, मध्ये डोंगर आहे. १४५ मेगाहर्ट्झच्या लाटा जवळजवळ सरळ जातात. हिशोब सोपा आहे, अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा, तेवढे किलोमीटर क्षितिज. हातातली हँडी दीड मीटरवर म्हणजे ५ किलोमीटर. कौलांवर १२ मीटरचा पाइप उभा केला तर १४. आणि तुम्ही १०० मीटर उंचीच्या सड्यावर (डोंगरावरच्या सपाट माळावर) जाऊन उभे राहिलात तर ४१! म्हणून वॅट वाढवायच्या आधी सड्यावर जा. आमच्याकडची गावं खाड्यांच्या आणि डोंगरांच्या बेचक्यात बसलेली, तिथे ५ वॅटचे ५० वॅट करून फार फरक पडत नाही.

घाटावर म्हणजे पुणे, कोल्हापूर, साताऱ्याला बोलायचं असेल तर मात्र सह्याद्री मध्ये उभाच आहे. त्याला उपाय ४० मीटर बँड (४० मीटर लांबीच्या लाटांचा पट्टा), ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ. तार मुद्दाम खाली बांधायची, ६ ते ८ मीटरवर, म्हणजे सिग्नल जवळपास सरळ वर जातो, आयनोस्फिअरवर (हवेच्या खूप वरच्या थरावर) आपटून छत्रीसारखा खाली पडतो आणि ३००-४०० किलोमीटरच्या आतला सगळा भाग भिजवतो, डोंगर असो की दरी. दिवसा हे फार छान चालतं. लांब जायला अँटेना उंच पाहिजे हे खरं, पण आपल्या जिल्ह्यातल्या जिल्ह्यात आणि घाटावर पोचायला बुटका अँटेनाच बरा.

डायपोल (मधोमध केबल जोडलेला तारेचा अँटेना) माडाला बांधला तर चालेल?

चालेल, मी तेच करतो, पण माड हलतो हे लक्षात ठेवा. माझा पहिला डायपोल दोन माडांच्या मध्ये चांगला ताणून बांधला होता, मे महिन्यातल्या पहिल्या वळवाच्या वाऱ्यात दोन्ही माड विरुद्ध बाजूला झुकले आणि तार मधोमध तुटली, कोॲक्स (सेटपासून अँटेनापर्यंतची केबल) खाली लोंबत होती. तेव्हापासून एका टोकाला पुली लावतो आणि दोरीला वाळू भरलेला पाच लिटरचा कॅन टांगतो, माड हलला की कॅन वरखाली होतो, तार ताणत नाही.

लांबी काढायला १४३ ला मेगाहर्ट्झने भागा. ७.१ साठी २०.१४ मीटर, म्हणजे एकेक बाजू १० मीटर ७ सेंटिमीटर. तरी साडेदहा मीटर कापा आणि मग एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती सिग्नल परत येतो त्याचं माप) बघत थोडी थोडी कमी करा, कापलेली तार परत जोडत बसायला लागू नये. घरगुती वायरिंगची दीड किंवा अडीच स्क्वेअरची कव्हरवाली तांब्याची वायर घ्या, उघडी तार इथे वर्षभरात काळी पडते. कव्हरमुळे लांबी दोन-तीन टक्के कमी लागते तेवढं ट्यून करताना समजतंच. दोरी बंदरावरून आणा, जाळ्याची कोळी लोक वापरतात ती, उन्हात आणि खाऱ्या पाण्यात काय टिकतं ते त्यांच्याएवढं कोणाला माहीत नाही. पावसात झावळ्या ओल्या झाल्या की एसडब्ल्यूआर सरकतो, घाबरू नका, शेंड्यापासून तार हातभर लांब ठेवा. आणि वर चढायला पाडेली बोलवा, अँटेनासाठी स्वतः माडावर चढू नका.

कनेक्टर सहा महिन्यांत हिरवे पडतात, काय करायचं?

हा आमच्याकडचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

एकदा मला कोणीच ऐकेना, मला पण सगळे पुसट ऐकू यायला लागले. सेट बघितला, सेटिंग बघितली, दोन दिवस गेले. शेवटी अँटेनाजवळचा पीएल-२५९ कनेक्टर उघडला तर आत थेंबभर पाणी, मधली पिन हिरवीगार, आणि कोॲक्सची जाळी बोटाने चोळली तर काळी पूड झाली. सुरीने कव्हर फाडत गेलो तर तो काळेपणा आत मीटरभर गेलेला! जाळी वातीसारखी पाणी शोषून घेते. ती कोॲक्स टाकूनच द्यावी लागली.

आता असं करतो. कनेक्टर क्रिंप न करता नीट सोल्डर करायचा. घट्ट आवळला की वरून रबराचा स्वतःलाच चिकटणारा टेप निम्म्या रुंदीवर ताणून गुंडाळायचा, खालून वर जायचं म्हणजे कौलांसारखे थर पडतात आणि पाणी आत शिरत नाही, त्याच्यावर साधा काळा टेप उन्हासाठी. नुसता काळा टेप कधीच नको, तो उन्हात सुटतो आणि आत पाणी धरून ठेवतो, ते तर जास्त वाईट. कोॲक्स घरात शिरते तिथे खाली एक झोळ सोडायचा म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं.

सिलिकॉन लावणार असाल तर वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन सुकताना ॲसिड सोडतं आणि तांबं खातं. न्यूट्रल लिहिलेलं घ्या. हे मला खूप उशिरा कळलं.

आणि ॲल्युमिनियमवर तांब्याचा किंवा पितळेचा तुकडा थेट दाबू नका, खाऱ्या ओलाव्यात ती बॅटरीच होते आणि ॲल्युमिनियम पांढरं होऊन झडतं. मध्ये स्टेनलेस स्टीलचा वॉशर घाला, नटबोल्ट ३१६ ग्रेडचे मिळाले तर उत्तमच.

कोॲक्स कोणती घेऊ?

व्हीएचएफला (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) २० मीटर लांब आरजी-५८ ही बारीक कोॲक्स टाकलीत तर साधारण ४ डीबी जातात, म्हणजे निम्म्याहून जास्त पॉवर वायरमध्येच संपते. तेवढीच जाड आरजी-२१३ असेल तर २ डीबीच्या आत. ४० मीटर बँडला मात्र आरजी-५८ खुशाल वापरा. विकत घेताना टोक खरवडून बघा, मला एकदा ऑनलाइन घेतलेल्या कोॲक्समध्ये तांब्याचा नुसता मुलामा आणि आत ॲल्युमिनियम मिळालं होतं, त्याला सोल्डर धरत नाही आणि इथल्या हवेत ते टिकतही नाही.

पावसाळ्यात कॉम्प्युटर का बंद पडतात?

वापरत नाही म्हणून! रोज तासभर चालू राहणारा पीसी आपल्याच उबेने कोरडा राहतो. मुंबईकर गणपतीला येतात आणि मे महिन्यात बंद करून ठेवलेला पीसी चालू करतात, तो चालू होत नाही, डिस्प्ले येत नाही. दहात सात वेळा रॅम काढून तिची सोनेरी बाजू साध्या खोडरबराने हळू घासली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली आणि परत दाबून बसवली की चालू होतो. पण आधी प्लग काढा आणि पाच-दहा मिनिटं थांबा.

हँडी, डोंगल, जास्तीचे कार्ड एअरटाइट डब्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलबरोबर ठेवा. तांदळाच्या डब्यात नको, त्याची पीठी पोर्टात जाते. आणखी एक, वापरात नसलेल्या यूएसबी आणि लॅनच्या भोकांना टोपणं लावा, कुंभारमाशी आत मातीचं घर करते. गेल्या वर्षी एका राउटरच्या चारपैकी तीन पोर्टात मी टाचणीने माती काढलेली आहे.

वीज पडली तर? अर्थिंग करू ना?

अर्थिंग कराच, पण त्याच्यावर विसंबून सेट जोडलेला ठेवू नका. मे महिन्यातला वळीव आणि परतीचा पाऊस, हे दोन काळ सगळ्यात धोक्याचे. ढग वाजायला लागले की वाट न बघता कोॲक्स सेटपासून काढायची आणि घराबाहेर टाकायची, खोलीतच काचेच्या बाटलीत टोक ठेवतात ते बरोबर नाही. वीज प्लगमधून आणि ब्रॉडबँडच्या तांब्याच्या वायरमधूनही येते, तीही काढा. आणि गडगडाट सुरू झाल्यावर हातात तार घेऊन बाहेर जाऊ नका, तेव्हा राहिली तर राहू दे.

अर्थिंगचा रॉड जांभ्यात जात नाही, घणाने मारला तरी वाकतो. आणि गेला तरी मार्च ते मे जांभा इतका कोरडा होतो की अर्थ मिळत नाही. विहिरीजवळ, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर, माडाच्या आळ्याजवळ जिथे माती खोल आणि ओली आहे तिथे न्या, एका रॉडऐवजी दोन-तीन टाकून जोडा, आणि घराच्या मीटरच्या अर्थिंगशी पण जोडा, दोन वेगळे अर्थ नकोत.

लाइट गेल्यावर किती वेळ चालवता येतं? बॅटरी कुठली?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या पट्ट्यात कित्येक गावांत आठवडे लाइट नव्हती, मोबाइल टॉवर पण गेले. आमच्याकडे तेव्हा लेड ॲसिड बॅटरी होती, मोठी, वर्षभर कोपऱ्यात ठेवलेली, आणि पहिल्याच संध्याकाळी ती दहा मिनिटांत बसली. चार्ज न करता ठेवल्यामुळे आतून गेलेली होती. माझे काका दापोलीकडे, त्यांची खबर पाच दिवसांनी एक ट्रकवाला घेऊन आला. तो आठवडा मी विसरलेलो नाही.

आता लिथियम आयर्न फॉस्फेट वापरतो, १२.८ व्होल्ट २० अँपिअर-अवर म्हणजे २५६ वॅट-अवर. सेट नुसता ऐकत असताना अर्धा अँपिअर घेतो, सोबत रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) ४ वॅट घेतो, असे मिळून ११ वॅट धरले तर वीसएक तास आरामात. ५० वॅटवर बोलताना मात्र दहा-बारा अँपिअर खेचतो, म्हणून थोडक्यात बोलायचं. महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून सगळं बॅटरीवर चालवून बघा, ही एक गोष्ट कराच.

रास्पबेरी पायचं एसडी कार्ड लाइटच्या ये-जा मध्ये खराब होतं ही पण नेहमीची तक्रार. रास्पी-कॉन्फिगमध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा, म्हणजे कार्डावर काही लिहिलंच जात नाही. स्क्रीनवर पिवळी वीज दिसली तर व्होल्टेज कमी पडतंय, चार्जर किंवा केबल बदला.

सेटवर सतत खरखर येते.

सेट बॅटरीवर लावा आणि घराचा मेन बंद करा. खरखर गेली तर चोर घरातच आहे, एकेक एमसीबी चालू करत शोधा. एलईडी बल्ब, स्वस्तातले चार्जर, इन्व्हर्टर, सोलरचा कंट्रोलर, यातलाच कोणीतरी असतो. त्याच्या वायरीला फेराइटची रिंग लावून सात-आठ वेढे द्या. मेन बंद करून पण राहिली तर खांबावरच्या इन्सुलेटरवर मीठ बसलेलं असू शकतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये संध्याकाळी दव पडायला लागलं की तडतड सुरू होते आणि पहिला चांगला पाऊस झाला की धुऊन जाते.

नेट नसताना एफटी८ (कॉम्प्युटरने छोटे निरोप पाठवायची डिजिटल पद्धत) कसं चालवायचं?

एफटी८ मध्ये १५-१५ सेकंदांच्या पाळ्या असतात, घड्याळ दोन-तीन सेकंद जरी चुकलं तरी डीकोड होत नाही. नेट नसेल तर यूएसबी जीपीएस लावा, उपग्रहाकडून वेळ येते. ४० मीटर बँडला ७.०७४, २० मीटर बँडला १४.०७४ मेगाहर्ट्झ.

काही दिवस अचानक फार लांबची स्टेशनं येतात, असं का?

समुद्राला लागून थंड ओली हवा आणि तिच्यावर कोरडी गरम हवा अशी थर बसली की मध्ये बोगद्यासारखं होतं आणि व्हीएचएफच्या लाटा त्यात अडकून पाण्यावरून शेकडो किलोमीटर जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या २०० मेगाहर्ट्झच्या रडारला हजार मैलांपलीकडचा अरबस्तानचा किनारा दिसला होता तो यामुळेच. पावसाच्या आधीच्या उकाड्यात, वारा पडलेला असताना, पहाटे आणि संध्याकाळी बघा. एआयएसवर एरवी ३५-४० किलोमीटरमधली जहाजं दिसतात, त्या दिवशी नकाशा पार गुजरातपर्यंत भरतो.

जुनी टीव्हीची डिश पडून आहे, तिचं काही होईल?

होईल आणि फार छान होईल. क्यूओ-१०० म्हणून हॅमसाठी ट्रान्सपाँडर (सिग्नल घेऊन परत खाली पाठवणारं यंत्र) असलेला उपग्रह आहे, २०१८ मध्ये सोडलेला, २५.९ अंश पूर्वेला एकाच जागी उभा. रत्नागिरीच्या आसपास तो नैऋत्येकडून पश्चिमेला वळताना २५५ अंशावर, ३३ अंश उंचीवर येतो, म्हणजे समुद्राकडेच. १०४८९.५ मेगाहर्ट्झपासून बोलणं चालू असतं, युनिव्हर्सल एलएनबीमधून (डिशच्या तोंडाशी असतो तो डबा) ते ७३९.५ वर खाली येतं आणि डोंगलला ऐकू येतं. एलएनबीला बॅटरीवरून १२-१३ व्होल्ट बायस-टी (कोॲक्समधूनच वीज पाठवणारा जोड) लावून द्या, डोंगलच्या आतला बायस कमी पडतो. युरोप, आफ्रिकेतले लोक पडवीत बसून ऐकता येतात, दिवसा रात्री कधीही.

वादळाचा इशारा आला की तुम्ही नक्की काय करता?

आदल्या दिवशी बॅटरी पूर्ण भरतो, हँडीच्या पण. पाइपवरचा व्हीएचएफ अँटेना खाली घेतो, डायपोल एका बाजूने सोडून गुंडाळून ठेवतो, वारा गेल्यावर तो पुलीने वर घ्यायला दोन माणसं आणि वीस मिनिटं लागतात. माड पडलेच तर पेरूच्या झाडाला बांधायला एक जास्तीचा डायपोल डब्यात तयार असतो. वही आणि दोन पेन्सिली प्लास्टिकच्या पिशवीत, कारण निरोप शब्दन् शब्द लिहून घ्यायचा असतो, कोणाचा, कोणाला, किती वाजता, आणि मनाने त्यात काही घालायचं नसतं. तहसीलदार कचेरीत आपण आहोत, आपल्याकडे काय आहे हे आगोटीच्या म्हणजे पावसाळा सुरू व्हायच्या आधीच सांगून ठेवलेलं असतं, वादळात कोण कोणाला शोधत बसत नाही. वाडीतल्या लोकांकडून ज्यांची माणसं बाहेर आहेत त्यांची नावं आणि नंबर लिहून घेतो. मग वारा पडला की तार वर, सेट चालू, आणि ७.१ च्या आसपास आधी दहा मिनिटं नुसतं ऐकतो, कोणी आधीच निरोप देत असेल तर त्याच्या मध्ये बोलायचं नाही.